सोलून न पाहिलेली केबल

फार मागची गोष्ट. गादीवर राजे होते, आणि माणसानं वीज नुकतीच दावणीला बांधली होती. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण यातली चूक मोठ्या माणसाची आहे.

खाडीकाठच्या एका गावात दोन भाऊ लोखंडी बोटी बांधत. थोरला मालाची खरेदी करी, धाकटा वेल्डिंग करी. यंत्र टेकाडावरच्या खोपीत आणि बोट खाली पाण्याजवळ. मधल्या वाटेनं वीज केबलमधून खाली यायची. वाट लांब, म्हणून केबलच्या पोटात तांबं भरपूर लागे. ते कमी पडलं की आच वाटेतच मरते. सांधा वरून गोजिरा दिसतो, पण आत लोखंड लोखंडाला धरत नाही.

जुनी केबल झिजली. थोरला बाजारात गेला. दुकानदारणीनं दोन वेटोळी पुढे ठेवली. एक काळं, मऊ, दोरासारखं वळणारं. दुसरं लालभडक, मनगटाएवढं जाड, ताठ.

"लाल द्या," थोरला म्हणाला. "पूजेत शोभेल."

"आधी टोक सोलून बघा," ती म्हणाली. "परगावचा माल आहे. जाडी रबराची की तांब्याची, ते बाहेरून मलाही कळत नाही."

"बाई, पूजेआधी नव्या वस्तूला सुरी लावायची आमच्यात पद्धत नाही."

पद्धत म्हणे. पद्धत माणूसच घालतो, आणि मोडायची वेळ आली की देवाला पुढे करतो.

लाल केबल घरी आली. हार पडला, नारळ फुटला. हळदकुंकू वाळल्यावर धाकट्यानं टोक सोललं. रबराचा थर जाडच्या जाड, आत तारांचा मूठभरसुद्धा नाही असा झुपका. तारा खरवडल्या तर तांब्याचा वरचा मुलामा निघून गेला आणि खाली पांढरा धातू दिसला.

"दादा, ही परत कर. हिच्यात दम नाही."

"पूजलेली वस्तू परत करू? गाव तोंडात शेण घालेल. तू हात नीट चालव. नाचता येईना, अंगण वाकडं."

धाकट्यानं यंत्राचा जोर वाढवला, तर केबल तव्यासारखी तापली, रबराचा वास सुटला. जोर कमी केला, तर ठिणगी मलूल. सांधे मात्र देखणे झाले. थोरल्यानं त्यांवरून बोट फिरवलं. "बघ. उगीच रडत होतास."

धाकट्यानं पुढचा सांधा जोडायला घेतला. थोरल्यापुढे बोलायचं नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. असलं शिकवणाऱ्यांचं काय करावं, तुम्हीच सांगा.

त्या गावाचा नेम होता, ज्यानं बोट जोडली त्यानं पहिल्या फेरीला तिच्यात बसायचं. फेरीच्या दिवशी सकाळी धाकट्याच्या बायकोनं त्याची बाही धरली.

"जाऊ नका. ती कशी जोडली आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणूनच जातो. मी नाही बसलो, तर उद्या दुसऱ्यांची पोरं बसतील. काठाकाठानं नेऊन बघतो. टिकली तर टिकली."

खलाशी चढायला आले. त्यानं त्यांना हातानं मागे सारलं. "आज जागा नाही," तो म्हणाला, आणि रिकामी बोट घेऊन एकटा निघाला.

खाडीच्या तोंडाशी मोठी लाट आली. बोट तळाच्या सांध्यावर उसवली, जुन्या गोधडीसारखी. काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं. होड्या तिथं पोचेपर्यंत पाणी पुन्हा सपाट झालं होतं.

थोरला खोपीत गेला. सुरी घेऊन केबल सोलत बसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लाल सालींचा ढीग पडला. भावजय दारात येऊन उभी राहिली.

"भावोजी, आता सोलता?"

तो सोलतच राहिला.

पुढे त्यानं एकही बोट बांधली नाही. त्या गावात आता नवी केबल आली की आधी टोक सोलतात, सगळ्यांना दाखवतात, मग हळदकुंकू. चांगली रीत आहे. पण ती पडायला एक माणूस गेला, आणि त्याच्या बायकोला तिचा काय उपयोग?

म्हणून ध्यानात ठेवा: जिच्यावर माणसाचा जीव टांगायचा, त्या वस्तूची पारख आधी, पूजा मागून.