येसूच्या घळीतली वई

थांबा जरा. वईत डोकं घालायची घाई नको, आधी पोरांना पुढे येऊ द्या. ताई, त्याचा हात सोडा. आजच्या दिवशी या घळीत पोरांचाच मान असतो.

ही वई बघितलीत? वई म्हणजे कुंपण. करवंदीच्या आणि चिल्हारीच्या काटेरी फांद्या एकमेकींत ओवून दरवर्षी पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, पौर्णिमेआधी ती नव्याने घालतात, आणि पौर्णिमेच्या सकाळी खोतांच्या घरचा कर्ता पुरुष नुसत्या हातांनी ती फोडतो. कोयता चालत नाही. फोडायची तीही पोर शिरेल एवढीच, म्हणून तुम्हा सगळ्यांना रांगावं लागणार आहे. मागे किनारा, पुढे देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आणि दोहोंच्या मधे ही एवढीच घळ. थंडीत घरोघरची माणसं पोराबाळांना घेऊन याच वाटेने चालतात, वर देवळापाशी जेवतात आणि उन्हं कलल्यावर घरी जातात. हा रिवाज कसा पडला ते ऐका आणि मग आत शिरा.

फार मागे, म्हणे, या वाटेवर वई नव्हती. आमच्या वाडीतल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन रानातूनच पलीकडच्या बाजाराला जायच्या. त्यांतलीच एक येसू. नवरा दर्यात गेलेला, पदरात एक लेक, चंपी. तेव्हाचा खोत विसाजी. माणूस हौशी. थंडी पडली की घरच्या सगळ्यांना घेऊन रानात यायचा, वनभोजन करायचा. एका वर्षी त्याच्या जेवणाच्या पंगतीशेजारून पाट्या गेल्या आणि त्याला मासळीचा वास आला. झालं. गावाचं रान त्याने घळीच्या तोंडाशी वई घालून बंद केलं. बायका विचारायला गेल्या तर म्हणाला, "देवाने एवढी वाळू दिली आहे, तिच्यावरून जा."

वाळूवरून जाता येतं, नाही असं नाही. पण कड्याखालची वाळू उधाणाच्या भरतीला उरत नाही. पुसाच्या पौर्णिमेला येसूला बाजारातून निघायला उशीर झाला. कड्याखाली पोचते तोवर पाणी पोटऱ्यांना लागलं, मग कमरेला. वर यायला ही एकच घळ. ती चंपीला खांद्यावर घेऊन इथवर चढली आणि पुढे वई. आत, वईलगतच, खोताचं वनभोजन चाललेलं. तिने हाका मारल्या, तेव्हा हात पुसत खोत वईपाशी आला.

"खोतानू, वई उघडा. माका नको, चेडवाक तरी आत घेवा."

चेडू म्हणजे मुलगी. खोताने त्या मुलीकडे बघितलं, असं सांगतात. बघितलं आणि म्हणाला, "आज उघडलं, तर रोज उघडावं लागेल." आणि पानावर जाऊन बसला.

येसूने दोन्ही हातांनी काटे ओढायला घेतले. दोन्ही हात वईत, आणि लेक गळ्याला धरून. मोठी लाट घळीत शिरली आणि बाहेर पडली. येसूच्या हातात वई राहिली, चंपी राहिली नाही.

वाडीतल्या बायका सुई घेऊन तिच्या तळहातातले काटे काढायला बसल्या. तिने मुठी मिटून घेतल्या. "ऱ्हवांदेत," म्हणाली. राहू देत. रडली नाही. तिने खोतावर डूख धरला होता आणि तो मुठीत जपत होती.

पुढे तिने काय करावं? खोताच्या दारात जाऊन वई राखायचं काम मागितलं. वाडीने तिच्या नावाने थुंकायचंच बाकी ठेवलं. लेकीच्या मारेकऱ्याकडे राबते, म्हणाले, हिला लाज कशी नाही. पावसाळाभर ती काटे तोडून आणायची आणि वईत ओवायची, असे की मांजरही शिरू नये. खोत खूश. चारचौघांत सांगायचा, येसूसारखी वई कुणाला घालता येत नाही. सुजलेल्या हातांनी ती काम करते हे काही त्याला दिसलं नाही.

खोताची एक नात होती, गोदू. चंपीच्याच वयाची. म्हातारा तिच्यावर जीव टाकायचा. पूस आला तसं येसूने गोदूच्या देखत खोताला सांगितलं की पौर्णिमेला सुकती, म्हणजे ओहोटी, एवढी लांब जाते की शिंपले नुसते वेचायचे; वाळूवरून सावकाश या, मी घळीपाशी असेन. एक शब्द खोटा बोलली नाही. वाडीतलं शेंबडं पोरही जे जाणतं तेवढंच सांगितलं नाही: पौर्णिमेचं पाणी जेवढं लांब जातं, तेवढंच वर चढून येतं. गोदूने आजोबांच्या मागे धोशा लावला. आदल्या रात्री येसू झोपली नाही, पण मन बदलावं असंही तिला एकदा वाटलं नाही.

घरची माणसं भांडीकुंडी घेऊन खोताच्या घरामागच्या वाटेने देवळाकडे गेली. खोत नातीला घेऊन वाळूवर उतरला. लांबरुंद वाळू, कोवळं ऊन, ओंजळभर शिंपले. म्हातारा पोरीबरोबर पोर झाला. पाणी कधी वळलं ते त्याला कळलंच नाही.

घळीतून वर आला तेव्हा गोदू त्याच्या खांद्यावर होती आणि पाणी कमरेला. वईपलीकडे येसू बसली होती.

"येसू, उघड. लवकर उघड."

"आज उघडला, खोतानू, तर रोज उघडूक लागतला."

देऊळ लांब, लाटांचा आवाज मोठा, त्याच्या हाका कुणाला ऐकू जाणार? मग खोताने वईत हात घातले. वर्षभर त्याच्याच पैशाने घट्ट झालेली ती वई. हातांची सालटी निघाली, तरी ओढत राहिला. येसू बघत होती. ह्याच दिवसासाठी ती जगली होती आणि तिला बरं वाटत होतं, वाडीत हे कुणी लपवत नाही. शेवटी एवढं, एवढंच भोक पडलं. खोताने पोरीला त्यातून पुढे लोटलं. गोदूचे दोन्ही तळहात काट्यांवर आले आणि ती मधेच अडकली.

"तिला घे, बाई. तिने तुझं काय केलंय?"

येसू त्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत राहिली. लेकीला लेक, हाच तिचा हिशेब होता. पण ते हात तिच्या चंपीच्या हाताएवढे होते. तिने गोदूला ओढून आत घेतलं आणि मांडीवर बसवलं. मग भोकातून खोताकडे बघून म्हणाली,

"तुझा चेडू इला. तू वाळूवरना जा. देवान एवढी वाळू दिल्यान हा."

खोत पुन्हा कुणाला दिसला नाही. गोदूच्या तळहातातले काटे येसूने तिथेच बसून एकेक काढले. स्वतःचे मरेपर्यंत काढले नाहीत, असं सांगतात.

गोदू मोठी झाली, घराण्याचा शब्द तिच्या हाती आला, तेव्हा हा रिवाज तिने घातला. वई दरवर्षी घालायची, तिच्या घराण्याच्या माणसाने फोडायची, पोरं आधी, मग येईल तो, कुणाला अडवायचं नाही. पण फोडणाऱ्याने आत यायचं नाही.

तो तिकडे हाताला फडकं बांधतोय ना, तो आताचा खोत. मुंबईत बँकेत असतो, काल आला. आजही पोरं आत गेली की आमच्या वाडीतली सर्वांत म्हातारी बाई त्याला म्हणते, वाळूवरना जा. आणि तो पाणी चढायच्या आत एकटा वाळूवरून परत जातो. त्याची धाकटी लेक आत गेली आहे. ती वईतून त्याला हाका मारते, दरवर्षी मारते. तो थांबत नाही. शहरातल्या पाहुण्यांना वाईट वाटतं, म्हणतात, पुरे करा आता. आम्हाला नाही वाटत. चंपीच्या हाकेला कोण थांबलं होतं?

चला, वाका आता. पाणी वळलंय.