रघुशेटची घागर

"पण माई, गिऱ्हाइकालाच अक्कल नसेल, तर कारागिरानं काय करावं?"

रघुशेट तांबटानं पुन्हा तेच विचारलं. टेकडीवरच्या मठातल्या म्हाताऱ्या माईंनी पुन्हा नुसतंच "हं..." केलं.

रघुशेटचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. त्याच्या घागरी जाड तांब्याच्या, एकेक ठोका मोजूनमापून मारलेल्या. आणि गावच्या बायका तुटून पडत त्या समोरच्या दुकानातल्या दौलतच्या हलक्या घागरींवर! या दसऱ्यालाही माल पडून राहिला, तर आजोबांच्या वेळची भट्टी विझवावी लागणार होती. ते आठवलं की त्याला रडू यायचं, आणि रडू आलं की तो चिडायचा.

"माझी घागर नातवंडांना पुरेल, माई! दौलतची म्हणजे नुसता डबा."

"माझ्यासाठी आणलीस ना एक?"

"ही काय. दुकानातली सगळ्यात वजनदार."

"मग पाणी आण. तहान लागलीय."

विहीर टेकडीच्या पायथ्याशी होती. रघुशेट तरातरा उतरला. येताना मात्र त्याची पुरती त्रेधा उडाली. गळा इतका रुंद, की हाताच्या कवेत मावेना. बूड इतकं गुळगुळीत, की कमरेवर ठरेना. खांद्यावर घेतली, तर काठ रुतला. अर्धं पाणी धोतरावर सांडून तो कसाबसा वर पोचला आणि त्यानं घागर दाणकन खाली ठेवली.

माईंनी आत डोकावून पाहिलं. उरलेलं पाणी दारातल्या जास्वंदीला ओतलं. रिकामी घागर त्याच्यापुढे सरकवली.

"आणखी एक."

"थट्टा करता काय गरिबाची? ही घागर घेऊन ती चढण कुणाच्यानं चढवेल?"

माईंनी घागर आणखी थोडी पुढे ढकलली.

रघुशेटला आपलेच शब्द ऐकू आले. तो ओशाळला, आणि म्हणूनच आणखी तडकला.

"आणि त्या दौलतचं कौतुक मला सांगू नका! अर्धा दिवस विहिरीच्या कट्ट्यावर बसून असतो. बायकांची गाऱ्हाणी ऐकतो. कुणाची कंबर दुखते, कुणाचा हात अवघडतो... हा काय तांबटाचा धंदा झाला?"

माईंनी कपाळाला हात लावला.

"ऊठ. जा विहिरीवर."

"पुन्हा?" वैतागून त्यानं घागर उचलली.

माईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"घागर राहू दे इथं."