बिनडोळ्यांचा मुखवटा

“…मग आता तिला कोणता मुखवटा करायला देऊ, बाबा?”

लखमाबाबांनी मान वर केली नाही. ओट्यावर बसून ते भिजवलेला कागद मातीच्या साच्यावर दाबत होते. बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं नाचतात, त्यांचे मुखवटे गावात तेच करायचे. विचारणारा देवराम त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता तो तालुक्याच्या वसतिगृहात मुलामुलींना मुखवटे करायला शिकवायचा. पोरांची मनं मोकळी होतात, असं भेटेल त्याला सांगायचा. सांगताना त्याचा आवाज जरा चढायचा.

आज चढला नव्हता.

“कोणाबद्दल बोलतोस?”

“सोमी. दहावीतली. शेजारच्या खाटेवरची मैत्रीण तापाने गेली तिची. तेव्हापासून पोर बोलत नाही.”

“तुझ्याकडे यायची?”

“रोज. हात फक्त माझ्याकडे चालायचे तिचे. हे बघा ना…”

त्याने पिशवीतून तिने केलेला मुखवटा काढला. रंग दिलेला नव्हता. गाल बसलेले, ओठ मिटलेले. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, सुरीने साफ कापलेली.

बाबांनी एका भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“ही कोणी पाडली?”

“मी. तिच्याकडून राहून गेली होती, बाबा. प्रदर्शनाला पाहुणे यायचे होते. बिनडोळ्यांचा मुखवटा मांडायचा कसा? डोळ्यांशिवाय मुखवटा पुरा होत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. डोळे कोणी पाडायचे, तेही शिकवलं होतं.”

देवराम खाली बघू लागला. बाबा कुणाच्याही मुखवट्याला स्वतः डोळे पाडत नसत. नाचणारा यायचा, मुखवटा तोंडाला लावायचा, आतून कोळशाने खूण करायचा आणि मग स्वतःच्या हाताने कापायचा. तोवर मुखवटा तसाच आंधळा टांगलेला असे, कितीही दिवस.

“तिने बघितलं?”

“प्रदर्शनातच. लोक टाळ्या वाजवत होते. ती समोर आली, बघितलं आणि खाली बसली. मग उठून निघून गेली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलीय. जेवत नाही. डॉक्टर येऊन गेले, उद्या पुन्हा येतील. मी गेलो की डोळे मिटून घेते.”

बाबांनी मुखवटा उचलून आपल्या तोंडाला लावला. भोकांतून त्यांचे म्हातारे डोळे दिसत होते. देवरामला तिकडे बघवेना.

मग त्यांनी मुखवटा मांडीवर पालथा घातला. पिठाच्या खळीत कागद बुडवला आणि आतून एका डोळ्यावर चिकटवला. त्यावर दुसरा. मग दुसऱ्या डोळ्यावर. घाई नव्हती.

“हा परत दिला तर बरी होईल ती?”

“मला माहीत नाही.”

“तुम्हाला नाही माहीत, तर कोणाला विचारू? मग ही कला कशाला, बाबा? उगाच पोरांना आशा लावली मी.”

बाबांनी बोटांची खळ धोतराला पुसली.

“माझी लेक मथी गेली, तेव्हा मी मुखवटेच करत होतो. दुःख जागचं हललं नाही.”

“तरी करत राहिलात?”

“हात कुठे ठेवायचे, ते कळत नव्हतं.”

ऊन ओट्यावरून उतरलं. चिकटवलेला कागद अजून ओलाच होता. देवरामने मुखवटा दोन्ही हातांत घेतला, जपून, जसं झोपलेलं मूल घ्यावं.

“तिला काय सांगू?”

“काही नको.”

“आणि ती वळलीच नाही तर? …उठलीच नाही तर?”

बाबा पुन्हा साच्यावर वाकले होते. देवराम पायरी उतरला, थांबला, वाट बघत राहिला.

“तिच्या खाटेशी जमिनीवर कागद-साचा घेऊन बस,” बाबा म्हणाले. “आणि खळ दोघांपुरती कालव.”