काळ्यानं ढकललेला दगड

सैतानानं मोहात पाडलं म्हणून बायकोवर हात उचलला, असं भर चर्चमधी कसं म्हणतोस रं शांतवन? पाळकसाहेब गप बसले, मी न्हाई बसणार. ऐक.

लई वर्सांमागं एका वस्तीवर काळ्या नावाचा कुत्रा व्हता. मालकीण कोंबडीची पिल्लं डालग्याखाली झाकायची, वर दगड ठिवायची आन काळ्याला राखणीला बसवायची. एक दिस कोंबडी दाणं टिपाया गेली, तवा कोल्हा हाड घिऊन आला.

"काळूदादा, दगड वाईच सरकव की. पिल्लं नुसती बघतो."

काळ्यानं हाड तोंडात धरलं आन नाकानं दगड ढकलला. कोल्ह्यानं डालगं उलथं केलं, दोन पिल्लं उचलली आन बिळाकडं पळाला.

कोंबडी परत आली, तवा काळ्या गळा काढून रडाया लागला. "कोल्ह्यानं मला फसवलं गं मावशे!"

कोंबडी खवळली. "कोल्हा कसा हाय, हे तुला ठावं नव्हतं व्हय? त्यानं हाड दाखवलं, पर दगड तू ढकललास. रडतोस, तरी हाड सुटंना तुझ्या तोंडातनं! थुक ते आधी. माझी पिल्लं अजून बिळात वरडत्यात. जा, घिऊन ये."