विहिरीने केलेली वाटणी

फार मागे, विहिरी विचारलेल्याचं उत्तर देत तेव्हाची गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांचं घरटं लोंबत होतं. आत एक पिल्लू होतं. नर-मादीचं पार बिनसलं आणि वेगळं व्हायचं ठरलं. भर दुपारी मादी फांदीवरून वाकली.

"विहीरबाई, घरटं कुणाचं?"

"ज्याने जे आणलं, ते त्याचं," काळ्या पाण्यातून उत्तर आलं. आवाज हुबेहूब तिचाच होता. विहीर विचारणाऱ्याच्याच आवाजात बोले. मादीच्या अंगावर काटा आला, पण निवाडा तिला पटला.

"ऐकलंत ना? गवत तुम्ही न्या. आतला कापूस माझा."

"तुझा कापूस तुला लखलाभ," नर म्हणाला. "मी एक पातं मागे ठेवणार नाही."

तो भिंती उसवू लागला. तिने पिल्लाच्या अंगाखालचा कापूस ओढून घेतला.

"आई, वारा लागतोय."

"थांब रे जरा, वाटणी होऊ दे आमची."

घरटं ज्यावर लोंबत होतं, ते पातं शेवटी उरलं. ते आपणच आणलं, असं दोघंही म्हणू लागली. दोघांनी दोन्हीकडून ओढलं आणि ते तुटलं.

फांदी रिकामी झाली. मादीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग जे आधी विचारायला हवं होतं, ते तिने विचारलं.

"विहीरबाई, पिल्लू कुणाकडे?"

"माझ्याकडे," विहीर म्हणाली.

या वेळी आवाज पिल्लाचा होता.