गेणबा आणि खोटं बोलणारा सेन्सर

एका गावात एक भोळा ड्रायव्हर राहायचा. त्याचं नाव गेणबा. आपलं डोकं चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून जो जे सांगेल ते तो तंतोतंत पाळायचा.

गेणबा शाळेच्या मुख्याध्यापिका सुमतीबाईंची गाडी चालवायचा. त्यांच्या मुलीचा साखरपुडा तालुक्याच्या गावी, संध्याकाळी पाचला. आणि त्याच दिवशी सकाळी गाडी रुसली. गिअर काही बदलेना.

"पाचला पोचवतो बाई, शब्द देतो," म्हणत गेणबाने रडतखडत गाडी गॅरेजात नेली.

हारूनमिस्त्रीने मशीन जोडून पाहिलं. "रात्रभर गाडी उभी होती ना?"

"होती की."

"म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल थंडच असणार. आणि आतला सेन्सर सांगतो, एकशे तीस डिग्री! जो खोटं सांगतो, त्याला काढायचं आणि नवा बसवायचा."

मिस्त्री नवा सेन्सर आणायला गेला. गेणबाने भिंतीवर पाहिलं. गॅरेजचं घड्याळ त्याला दहा मिनिटं पुढे वाटलं. त्याने ते काढून भंगारात टाकलं.

मिस्त्री परतला. "अरे, ते बरोबर चालत होतं! काढण्याआधी दुसऱ्या काट्याशी ताडून बघावं माणसानं."

"चुकलंच. माझं डोकं म्हणजे रिकामा डबा."

मिस्त्रीने नवा सेन्सर बसवला. आकडा आला तीस. तो हात धुवायला गेला. गेणबाने बाईंच्या गाडीचा पेट्रोलचा काटा शेजारच्या टेम्पोशी ताडला. इथे अर्धा, तिथे शून्य. त्याने टेम्पोचा काटा उचकटला.

"या अल्ला! अरे, एकाच गाडीचा आधीचा आणि नंतरचा आकडा ताडायचा असतो!"

"आता नाही विसरणार," गेणबा म्हणाला.

दुपारी शालू नेसून बाई गाडीत बसल्या. गाडी झकास निघाली. घाटात गेणबाने डॅशबोर्डवर ऑइलचा आकडा पाहिला आणि करकचून ब्रेक मारला.

"बाई, सकाळी हा तीस म्हणाला. आता पंच्याऐंशी म्हणतो!"

"अरे, गाडी चालली की ऑइल तापणारच ना!"

पण गेणबा पाना घेऊन गाडीखाली शिरला होता. सेन्सर निघाला. मागोमाग गरम लाल ऑइलची धार लागली. गेणबा कसाबसा बाजूला सरकला, आणि ऑइल एकटंच घाट उतरून गेलं. गाडी जागची हलेना. हात दाखवूनही कुणी थांबेना.

साडेपाच वाजले. बाईंना रडू कोसळलं. "पाचला पोचवतो म्हणाला होतास ना रे?"

गेणबा थबकला. आधी पाच. नंतर साडेपाच. त्याने पुन्हा ताडून पाहिलं. शंकाच नव्हती.

त्याने किल्ली बाईंच्या हातात ठेवली, नमस्कार केला आणि गावाच्या दिशेने चालू लागला.

"अरे, मला घाटात टाकून कुठे निघालास?"

"खोटं मीच सांगितलं, बाई. म्हणून मी मला काढलं. काळजी करू नका, मिस्त्रीला सांगून नवा पाठवतो!"