टिचकीला घरी करमेना

एक होती बेडकी. एवढीशी. अंगठ्याच्या नखाएवढी. तिचं नाव टिचकी.

टिचकी राहायची पाणपोईत. रस्त्यावरून जाणाऱ्याला तहान लागली, की तो पाणपोईवर थांबतो आणि पाणी पितो. तिथे कडुनिंबाचं झाड होतं. झाडाखाली वाळू होती. वाळूवर एक मोठ्ठा रांजण होता. रांजण मातीचा. पाणी पाझरायचं, टिप टिप टिप. वाळू भिजायची, गार गार गार. त्या गार वाळूत टिचकीचं घर.

वर माणसं पाणी प्यायची. घट घट घट. खाली टिचकी ऐकायची आणि त्यांचे पाय बघायची.

एक दिवस टिप टिप थांबलं. घट घट थांबलं. वाळू सुकली. टिचकीचं पोट भाजलं.

"आई गं! हे काय झालं?"

तिने वाळूवर पाय आपटला.

टिचकी म्हणाली,
"वाळू, वाळू, भिज ना!
टिचकीला घरी करमेना!"

वाळू म्हणाली, "मी नाही जा! रांजण पाझरेल, तर मी भिजेन."

टिचकी निघाली. टुण टुण टुणाक! रांजणापाशी गेली.

"रांजणा, रांजणा, पाझर ना!
वाळू भिजेना,
टिचकीला घरी करमेना!"

रांजण म्हणाला, "माझं पोट रिकामं. रिकाम्या पोटी कोण पाझरतं? मी नाही जा! कळशी ओतेल, तर मी पाझरेन."

टिचकी निघाली. टुण टुण टुणाक! कळशीपाशी गेली. कळशी पालथी पडली होती.

"कळशी, कळशी, ओत ना!
रांजण पाझरेना,
वाळू भिजेना,
टिचकीला घरी करमेना!"

कळशी म्हणाली, "मी पालथी पडलेय. दिसत नाही का? मी नाही जा! बादली भरेल, तर मी ओतेन."

टिचकी निघाली. टुण टुण टुणाक! जवळच्या विहिरीपाशी गेली. दोराला बादली लटकत होती. बादली झोपली होती.

"बादली, बादली, भर ना!
कळशी ओतेना,
रांजण पाझरेना,
वाळू भिजेना,
टिचकीला घरी करमेना!"

बादलीने एक डोळा उघडला. "मी नाही जा! रहाट फिरेल, तर मी भरेन." आणि डोळा मिटला.

टिचकीने मान वर केली. विहिरीवर रहाट होता. गोल गोल लाकडी रहाट.

"रहाटा, रहाटा, फिर ना!
बादली भरेना,
कळशी ओतेना,
रांजण पाझरेना,
वाळू भिजेना,
टिचकीला घरी करमेना!"

रहाट म्हणाला, "तुला ओलंच हवं ना? मग विहिरीत राहा की! खाली पाणीच पाणी आहे."

टिचकीला वाटलं, खरंच की. तिने डोळे मिटले. उडी मारली. डुबुक!

पाणी होतं. खूप होतं. गार होतं. पण अंधार होता. घट घट नव्हतं. कोणाचे पाय दिसत नव्हते.

टिचकीने हाक मारली, "कोणी आहे का?"

विहीर म्हणाली, "आहे का... हे का... का..."

ती तर टिचकीचीच हाक!

टिचकीला तिथेही करमेना. मग भिंतीला धरून वर आली. सरसर सरसर.

"काय गं? आवडली नाही विहीर?" रहाटाने विचारलं.

"पाणी आहे. पण घर नाही," टिचकी म्हणाली. "तू फिर ना!"

रहाट म्हणाला, "मी नाही जा! सगुणाक्का उठेल, तर मी फिरेन."

आता मात्र टिचकीचे गाल फुगले. "हा म्हणतो, तो करेल. तो म्हणतो, ती करेल. ती म्हणते, आणखी कोणी करेल. मग करतं तरी कोण?"

टुण टुण टुणाक! ती सगुणाक्काकडे गेली.

सगुणाक्का पाणपोई सांभाळायची. कडुनिंबाखाली दगडावर बसली होती. हनुवटी हातावर. नजर रस्त्यावर.

"अक्का, अक्का, ऊठ ना!
रहाट फिरेना,
बादली भरेना,
कळशी ओतेना,
रांजण पाझरेना,
वाळू भिजेना,
टिचकीला घरी करमेना!"

सगुणाक्का म्हणाली, "मी नाही जा! उठू कोणासाठी? गाड्या येतात, भुर्रर्र जातात. चार दिवस झाले, कोणी थांबलं नाही. कोणी पाणी मागेल, तर मी उठेन."

टिचकी रस्त्यावर गेली. टुण टुण टुणाक!

एक गाडी आली. भुर्रर्र! गेली.

दुसरी गाडी आली. भुर्रर्र! गेली.

मग आली सायकल. पोंक पोंक! सायकलवर पाववाला दादा. तो थांबला. त्याने घाम पुसला.

"दादा, दादा, पाणी माग ना!
अक्का उठेना,
रहाट फिरेना,
बादली भरेना,
कळशी ओतेना,
रांजण पाझरेना,
वाळू भिजेना,
टिचकीला घरी करमेना!"

पाववाल्या दादाने पिशवीतून बाटली काढली. घट घट घट प्यायला. बाटली पिशवीत ठेवली.

"मी नाही बुवा! माझी तहान भागली. ज्याला तहान लागली असेल, तो मागेल."

पोंक पोंक! सायकल गेली.

रस्ता रिकामा. ऊन कडक. टिचकी एकटी.

इकडे बघितलं. कोणी नाही. तिकडे बघितलं. कोणी नाही. आता कोणाला विचारायचं? विचारायला कोणी उरलंच नाही. टिचकी मुसमुसली. रडू आलं, पण डोळ्यांत पाणीच येईना. डोळे कोरडे. जीभ कोरडी. पाठ कोरडी.

"तहान कोणाला लागली असेल बरं?" ती पुटपुटली.

जीभ टाळूला चिकटली. चप्प!

"अगं बाई! मला!"

टिचकी वळली. टुण टुण टुणाक! टुण टुण टुणाक! थेट सगुणाक्काच्या पायांपुढे येऊन बसली.

"अक्का, पाणी दे!"

सगुणाक्का दचकली. "कोण गं? कोण मागतंय?"

"मी!"

"तू? एवढीशी? तुला असं कितीसं लागणार?"

"एवढीशी तर एवढीशी! थेंबभर लागेल. पण लागेल ना?" टिचकीने छाती फुगवली. "ही पाणपोई आहे की नाही?"

"आहे."

"मागेल त्याला पाणी द्यायचं की नाही?"

"द्यायचं."

"मग दे! मी मागतेय!"

सगुणाक्का बघतच राहिली. मग हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

"खरं गं माझे बाई. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. मग तो हत्ती असो, नाही तर बेडकी."

तिने गुडघ्यांवर हात टेकले. हुश्श!

अक्का उठली.
रहाट फिरला, कर्र कर्र कर्र!
बादली भरली, बुडुक बुडुक बुडुक!
कळशी ओतली, धो धो धो!
रांजण पाझरला, टिप टिप टिप!
वाळू भिजली, गार गार गार!

आणि टिचकी?

टिचकी वाळूत शिरली. पोट गार झालं. पाठ गार झाली. एक थेंब जिभेवर पडला. टप्प!

पण वर कोणी नव्हतं. रस्ता अजून रिकामाच होता. टिचकीने कान दिला. घट घट नव्हतं.

तेवढ्यात वाळूवर दोन पाय आले. सगुणाक्काचे पाय. ती दगडावर परत गेलीच नाही. रांजणाला टेकून बसली. टिचकीच्या अगदी जवळ.

"टिचके," तिने विचारलं, "जेवलीस का गं?"

जेवलीस का, असं अख्ख्या दिवसात टिचकीला कोणी विचारलं नव्हतं.

"एक माशी खाल्ली," टिचकी म्हणाली. "तू?"

"भाकरी खाल्ली."

"कशाशी?"

"चटणीशी."

"तिखट होती?"

"हो गं! नाकातून पाणी आलं."

टिचकी हसली, डराँव! अक्का हसली, खी खी खी!

टिचकीने वाळूत पाय पसरले. एक पाय इकडे. एक पाय तिकडे.

टिचकीला करमलं.

वाळू भिजली, टिचकी निजली, आता गोष्टही निजली.